पाइपाच्या तोंडाशी शंभर दाणे

"खाडीची न्हाईत ओ भाऊ, दर्याची हायत. बिनघोर घ्या."

हेदवीत दारावर येणारी मासेवाली पाटी उतरवते तेव्हा आधी हे वाक्य येतं, भाव नंतर. माझ्या लहानपणी नेमकं उलट होतं. खाडीतली बोय म्हटलं की आई घासाघीस थांबवायची, कारण खाडीच्या माशाला चव जास्त. एका पिढीत 'खाडी' हा शब्द चवीवरून धास्तीवर आला. हे कुठल्या प्रयोगशाळेने ठरवलं नाही, डोक्यावर पाटी घेऊन पाच गावं फिरणाऱ्या बाईने ठरवलं. तिचं पोट त्या एका शब्दावर आहे, म्हणून तिच्या निकालाला मी फार वजन देतो.

ती बोलते ती दाभोळच्या खाडीबद्दल. वाशिष्ठी आणि जगबुडी या दोन नद्यांचं पाणी या खाडीत येतं, आणि वरच्या अंगाला, खेड तालुक्यात, महामार्गालगत लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती उभी राहिली. तेव्हापासून खाडीकाठचा भोई समाज मेलेले मासे टोपल्यांत भरून अधिकाऱ्यांना दाखवत आला आहे. दर वेळी नमुना घेतला जातो, दर वेळी अहवालाची वाट बघायची असते.

हेदवीत अजूनही पुष्कळ जण म्हणतात, लोटे लांब आहे. नकाशावर आहेच. उत्तरेला दाभोळची खाडी, दक्षिणेला जयगडची, मधे आपण: माड, पोफळी, विहिरी, दशभुजा गणपती आणि बामणघळ. पण लोट्याचं पाणी खाडीत येतं, खाडी अंजनवेलपाशी समुद्राला मिळते आणि तोच समुद्र आपल्या वाळूवर चढतो. मधे दार कुठेच नाही.

बामणघळीवर लोक भरतीचा फवारा बघायला उभे राहतात. काळ्या कातळातल्या चिरेत लाट घुसते, मागच्या भिंतीवर आपटते, उसळते आणि मागे फिरते. पुढची लाट त्यातलंच पाणी घेऊन पुन्हा आत येते. खाडीचं असंच चालतं, फक्त तिचा एक हेलकावा सहा तासांचा असतो. ओहोटीला उतरलेल्या पाण्यातलं बरंचसं पुढच्या भरतीला परत येतं. वरच्या अंगाला सोडलेलं सांडपाणी असे झोके घेत कित्येक दिवस खाडीतच राहतं. आता कोकणातल्या रासायनिक वसाहतींची जागा बघा. पाताळगंगेचं पाणी धरमतरच्या खाडीत, तळोज्याचं कासाडी नदीतून पनवेलच्या खाडीत, रोह्याचं कुंडलिकेतून रेवदंड्याच्या खाडीत, महाडचं सावित्रीतून बाणकोटच्या खाडीत, लोट्याचं दाभोळच्या. पाच वसाहती, पाच खाड्या. ज्या पाण्याला पुढे जायची घाई नाही नेमकं त्याच पाण्यात आपण रसायनं सोडत आलो.

"प्रक्रिया करूनच सोडतो," हे ठरलेलं उत्तर. माझं भांडण या शब्दाशी आहे. पाण्याला काय केलं ते हा शब्द सांगतो, पाण्यात काय उरलं ते सांगत नाही. भात शिजवला म्हणून त्यातला खडा निघाला असं होत नाही.

सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, ज्याला लोट्यात सगळे सीईटीपी म्हणतात, काय होतं ते एकदा नीट समजून घेऊ. अनेक कारखान्यांचं पाणी एका टाकीत मिसळतं. आम्लाचं प्रमाण चुन्याने मारतात, गाळ खाली बसवतात, मग ते पाणी हवा सोडलेल्या मोठ्या टाकीत जिवाणूंच्या हवाली करतात. हे जिवाणू इथले खरे कामगार. साखर, स्टार्च, अल्कोहोल, मैला ते खातात आणि जाडजूड होऊन गाळात बसतात. पण क्लोरीन किंवा फ्लोरीन घट्ट चिकटवलेले रेणू बहुतेकदा त्यांना पचत नाहीत. मीठ जसंच्या तसं पुढे जातं. धातू पाण्यात तरी राहतो किंवा गाळात तरी जातो, नाहीसा होत नाही. त्यातच रात्री कुणी जहाल द्रावण नाल्यात सोडलं तर जिवाणूच मरतात. नवी फळी तयार व्हायला काही आठवडे जातात. तोवर टाकीत बुडबुडे येतच राहतात, बघणाऱ्याला केंद्र चालू दिसतं, काम मात्र बंद असतं.

म्हणून दोन आकडे एकत्र वाचायचे असतात. बीओडी म्हणजे जिवाणूंनी घाण खाताना वापरलेला प्राणवायू. सीओडी म्हणजे तीच घाण जहाल रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू. पहिला आकडा लहान आणि दुसरा मोठा असेल तर उरलेला माल जिवाणूंनी नाकारलेला आहे. नदीत सोडायच्या पाण्यासाठी बीओडी ३० आणि सीओडी २५० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही आपली सर्वसाधारण मानकं. दोन्ही पाळली तरी न खाल्लेला माल उरतोच, आणि त्याचं नाव काय हे सीओडीचा आकडा सांगत नाही. अडीचशेतलं काय साधं आणि काय घातक, हे विचारायला हवं. विचारत कुणी नाही.

आणखी एक पळवाट आहे, पाणी वाढवण्याची. लिटरमागे मोजायचं असेल तर चांगलं पाणी मिसळलं की आकडा उतरतो. माल तेवढाच राहतो. आपल्या वाशिष्ठीत तर कोयना वीजप्रकल्पाचं अवजल बारा महिने येतं, त्यामुळे 'एवढ्या पाण्यात काय होणार' हे म्हणणं सोपं जातं. होतं ते चिखलात. खाडीचा गाळ धातू पकडून ठेवतो, तिवराच्या मुळांशी, काळ्या, कुजक्या वासाच्या थरात. तिथे प्राणवायू नसतो तोवर धातू गंधकाशी बांधलेला असतो. कुणी तो गाळ उपसला, वाळवला, की गाठ सुटते आणि जुनं देणं पुन्हा पाण्यात येतं.

आता या सदराच्या मुद्द्याकडे येतो. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८६ च्या नियमांतली सर्वसाधारण मानकं काढून बघा. त्यात एक परीक्षा अशी आहे की सांडपाण्यात, काही न मिसळता, मासे सोडायचे. ९६ तासांनी शंभरातले नव्वद जगायला हवेत. परीक्षा चांगली आहे. जिवंत प्राण्याला विचारलेली आहे, म्हणून यंत्राहून प्रामाणिक आहे. पण त्या यादीत वनस्पतीला विचारलेला प्रश्न एकही नाही. चार दिवस मासा तगला की पाणी सुटलं. त्याच पाण्यावर पुढची तीस वर्षं जे भात, जे माड, जे तिवर उभं राहणार, त्याला कुणी काही विचारलं नाही.

मासा आणि झाड यांची दुखणी वेगळी. मासा कल्ल्यांतून श्वास घेतो, झाड मुळांतून पितं आणि पानांतून पाणी हवेत सोडतं. पाणी उडून जातं, त्यातलं मीठ, फ्लोराइड, जे काही विरघळलेलं असेल ते पानातच राहतं. उन्हाळ्यात हे रोज, दिवसभर चालतं. म्हणून आधी पानाचं टोक करपतं, मग कडा. वाडीत आपण म्हणतो पाणी कमी पडलं, आणि आणखी शिपतो. सोडियम वाढला तर मुळाला पोटॅशियम मिळेनासं होतं आणि मातीचे कण सुटे होऊन ती चोपण होते, पाणी वर तुंबतं. तांबं वाढलं तर मुळाचं टोकच थांबतं. वर झाड हिरवं, खाली मुळांचा झुपका आखूड, आणि पहिल्या ओढीला ते मान टाकतं.

कॅडमियम मात्र सगळ्यांत कपटी. भाताच्या मुळात ते मँगनीजच्या दाराने शिरतं आणि दाण्यापर्यंत जातं. माणसाला घातक ठरेल इतकं कॅडमियम दाण्यात असूनही रोप टवटवीत दिसू शकतं, लोंबी भरते, पीक येतं. जपानमध्ये जिन्झू नदीच्या पाण्यावर पिकलेला असाच तांदूळ लोकांनी पिढी-दीड पिढी खाल्ला. वरच्या कामिओका खाणीतून कॅडमियम नदीत येत होतं. माणसांची, त्यातही वयस्क बायकांची, हाडं नुसत्या खोकल्याने मोडू लागली. आजाराचं नावच पडलं 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. १९६८ साली तिथल्या सरकारने कारण मान्य केलं. पुढे शेतांतली माती बदलण्याचं काम १९७९ ला सुरू झालं ते २०१२ पर्यंत चाललं. पाणी बिघडवायला परवानगी लागली नाही, माती बदलायला तेहतीस वर्षं लागली.

आपल्याकडे जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी, आणि आम्लधर्मी मातीत कॅडमियम, जस्त असले धातू मुळांना जास्त सहज मिळतात. शेत पाण्याखाली असतं तोवर कॅडमियम बांधलेलं राहतं. कापणीआधी आपण पाणी काढतो, बांध फोडतो, आणि नेमकं दाणा भरताना ते सुटं होतं. खाडीकाठच्या खारवट जमिनीत भात लावणाऱ्यांचा तांदूळ वर्षातून एकदा तरी तपासला पाहिजे. 'हिरवं दिसतंय' हा पुरावा चालणार नाही.

एक नवी काळजी आहे आणि ती लोट्यातच आली आहे. इटलीत विचेंझाजवळ त्रिस्सिनो गावी मितेनी नावाचा कारखाना होता. पीफास या रसायनांचा. कार्बन आणि फ्लोरीनचा तो बंध जिवाणूंना तुटत नाही आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. त्या कारखान्यामुळे तिकडचं भूजल बिघडलं, तीनेक लाख माणसांचं पिण्याचं पाणी त्याच्या फेऱ्यात आलं, रक्तात पीफास सापडलं. २०१८ मध्ये कारखान्याचं दिवाळं निघालं. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवून तुरुंगवासाच्या शिक्षा दिल्या. त्याच कारखान्याची यंत्रसामग्री २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या एका कंपनीने विकत घेतली आणि ती लोट्यात बसली. मी इथे कुणावर गुन्हा ठेवत नाही. यंत्र गुन्हेगार नसतं आणि काम नीट करता येतं. पण पाणी मोजायचं कशाने? आपल्या सर्वसाधारण मानकांच्या यादीत फ्लोराइड आहे, पीफास हा शब्दच नाही. जे यादीत नाही ते कुणी मोजत नाही, आणि न मोजलेल्या गोष्टीबद्दल 'मर्यादेत आहे' असं सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. सक्रिय कार्बन आणि आयन बदलणारी रेझिनं पीफास पकडतात, पण पकडलेलं पुन्हा जाळावं लागतं, तेही फार जास्त तापमानाला. वनस्पतीच्या बाबतीत एवढं ठाऊक आहे की यातली आखूड साखळीची रसायनं पाण्याबरोबर थेट पानाफळांत चढतात. माठ, पालक, मुळ्याचा पाला. म्हणजे आपलं जेवण.

यावर एक गोड उपाय सुचवला जातो, सभांमध्ये टाळ्याही घेतो: झाडं लावा, झाडं पाणी शुद्ध करतील. वाळा, कर्दळ, पाणकणीस. घरच्या मोरीच्या पाण्यासाठी हे उत्तम आहे. नागपूरच्या नीरी या संस्थेने 'फायटोरिड' नावाची अशी पद्धत बसवून दिली आहे आणि ती मैलापाण्यावर चालते. माझ्या परसात कर्दळीचा वाफा आहे, सांडपाणी त्यातून जातं, वास येत नाही. पण कारखान्याच्या जहाल पाण्याच्या तोंडी झाड देणं म्हणजे शिक्षा चुकीच्या जिवाला देणं. झाडाने धातू ओढून घेतला तर तो झाडात गेला. ते झाड कापून कुठे टाकणार? गुरांना घालणार? चुलीत? तो आता घातक कचरा आहे आणि त्याची जागा नोंदणीकृत भरावात. हे काम करायचं ते उगमाशी. जास्त मिठाचं पाणी वेगळं काढून उकळून आटवायचं, द्रावकं वेगळी काढून परत वापरायची, धातूचं पाणी वेगळं, आणि उरलेलं सौम्य पाणी तेवढं सीईटीपीला द्यायचं. कारखान्यातल्या माणसांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. वाफेचा खर्च येतो, म्हणून सगळं एकत्र ढकललं जातं.

आणि आपण? हेदवी-वेळणेश्वरच्या वाड्यांतही फवारणीची पिंपं आहेत. पोफळीवर कोळे रोगासाठी दर पावसाळ्यात बोर्डो मिश्रण मारतो. त्यातलं मोरचूद म्हणजे तांबं, ते जमिनीत साठतं, कुठे जात नाही. हापूसच्या बुंध्याशी कल्टार ओततो. झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं ते औषध मातीत बराच काळ टिकतं. फवारणीचा पंप मी स्वतः पऱ्ह्यावर धुतलेला आहे, अनेक वर्षं. गेली तीन वर्षं धूत नाही. खळगी खणून त्यात चुना टाकून तिथे धुतो, विहिरीपासून लांब. हे सांगितल्याशिवाय लोट्याला प्रश्न विचारणं मला बरं वाटत नाही. प्रमाणाचा फरक मोठा आहे, पण पाणी तेच आहे.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ सालीच केला, केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्या पाच वर्षं आधी. प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ ला सांगितलं की प्रक्रिया यंत्रणा चालत नसेल तर वीज तोडा, आणि मोजमाप लोकांना दिसेल असं लावा. कायद्याची वाण कधीच नव्हती. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीच्या २०११ च्या अहवालात लोट्याची नोंद आहे. प्रक्रिया केंद्राला झेपत नसलेलं सांडपाणी, दाभोळ खाडीतली घटलेली मासळी, खेड शहराला पाणी देणाऱ्या बोरज धरणात कुणीतरी ओतलेला विषारी कचरा. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, आणि तो मी विसरू शकत नाही. २००७ ते २००९ या काळात १९१ दिवस रत्नागिरी जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश होता. पाण्याचे नमुने इतक्या नेमाने घेतले असते तर आज मासेवालीला खाडीचं नाव लपवावं लागलं नसतं.

माझी मागणी लहान आहे. माशाला विचारता तसं बियाण्यालाही विचारा. हे काही मी शोधलेलं नाही. १९३८ साली स्वीडनच्या आल्बर्ट लेवान यांनी कांद्याच्या मुळांवर रसायनांचा परिणाम बघण्याची रीत घालून दिली, ती आज जगभर वापरतात. पाण्यावर तरंगणाऱ्या चिमुकल्या डकवीडवरची आणि बियाण्याच्या रुजव्यावरची चाचणीही आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून लिहून ठेवलेली आहे. आपल्याला तर त्यासाठी पुस्तकही लागत नाही. रोहिणीच्या आधी घरातलं भात उगवेल की नाही हे कोकणातला कुठलाही शेतकरी असंच बघतो: शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, रोज पाणी शिंपडायचं, आणि आठवड्याने मोड मोजायचे.

तेच लोट्यात करू. नमुना खाडीतून नको. खाडीचं पाणी मुळातच खारं, त्यात दाणा रुसला तर दोष समुद्राला जाईल. पाइपाच्या तोंडाशी घ्यायचं, खाडीला मिळण्याआधी. एक गोणपाट त्या पाण्याचं, एक विहिरीच्या पाण्याचं. नुसते मोड मोजून भागणार नाही, कारण बी पहिले काही दिवस आपल्या पोटातल्या शिदोरीवर उगवतं. मुळाची लांबी मोजायची, पट्टी लावून. दर महिन्याला, गावातल्या शाळेच्या मुलांसमोर, आणि दोन्ही गोणपाटं वसाहतीच्या फाटकाशी टांगून ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी. वर्षातून एकदा खाडीकाठचा तांदूळ कॅडमियमसाठी तपासायचा आणि पाण्यात पीफास आहे का ते एकदा तरी मोजायचं, आकडा काहीही येवो.

दाणे माझ्याकडे आहेत, गेल्या साली उडवीतून काढून ठेवलेलं घरचं भात. दोन गोणपाटं धुऊन वाळत घातली आहेत. एका वेळेला शंभर लागतात. मी चारशे मोजून पुडीत बांधले आहेत, म्हणजे कुणाला आपल्याच हाताने पुन्हा करून बघायचं असेल तर कमी पडायला नकोत. विहिरीचं पाणी हेदवीहून मी आणतो. दुसरं पाणी कुणाकडून, कुठल्या दिवशी घ्यायचं, एवढं कळवावं.